शिवाजी महाराजांचा चेहरा आणि डच कोरणी: तांब्याच्या पत्र्यावरून घराघरांत

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कापलंय, भाषा मात्र बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा प्रश्न सोपा वाटेल, पण तो तसा नाही. शिवाजी महाराज दिसायला कसे होते, हे आपल्याला नेमकं कशावरून माहीत आहे?

आपण कल्याणकर. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला, मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात इथे झाली, हे आपण शाळेपासून ऐकतो. महाराजांचा चेहरा तर आपल्या इतका ओळखीचा की रिक्षाच्या काचेवर नुसती बाह्यरेषा काढली तरी लहान मूल ओळखतं. जिरेटोप किंवा पगडी, धारदार नाक, कोरीव मिश्या, टोकदार दाढी. पण त्या काळात कॅमेरा नव्हता. मग हा चेहरा आपल्यापर्यंत आला कसा?

या प्रश्नाचं एक उत्तर थेट हॉलंडला जातं. तिथल्या तांब्याच्या पत्र्यावर, पोलादी कोरणीने चेहरे कोरणाऱ्या कारागिरांकडे. आजचा भाग त्यांच्याविषयी आहे.

एक गोष्ट आणि तीन तारखा

आधी एक लोकप्रिय गोष्ट बाजूला करू. ती तुम्हीही मोबाइलवर वाचली असेल. सुरतेच्या डच वखारीचा एक गव्हर्नर होता, त्याचं नाव व्हॅलेंटाइन. महाराज सुरतेवर आले तेव्हा तो त्यांना भेटला आणि त्याने त्यांचं चित्र काढून घेतलं. तेच ते सुप्रसिद्ध डच चित्र.

आता तारखा बघा. महाराज सुरतेवर पहिल्यांदा आले जानेवारी १६६४ मध्ये. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा जन्म १६६६ चा, हॉलंडमधल्या डॉर्ड्रेख्त गावचा. तो पहिल्यांदा पूर्वेकडे यायला निघाला १६८५ मध्ये. आणि महाराजांचं निधन झालं ३ एप्रिल १६८० रोजी. म्हणजे व्हॅलेंटाइनचं गलबत बंदरातून सुटलं तेव्हा महाराजांना जाऊन पाच वर्षं झाली होती. भेट होणं शक्यच नाही.

व्हॅलेंटाइन गव्हर्नर नव्हता, तो धर्मोपदेशक होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, दोन मुक्काम मिळून सुमारे सोळा वर्षं तो मुख्यतः अंबोन बेटावर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने एक अवाढव्य ग्रंथ लिहिला, ‘औड एन न्यू ओस्ट-इंडियन’, अर्थात जुना आणि नवा पूर्वेकडचा हिंदुस्थान. १७२४ ते १७२६ या काळात तो डॉर्ड्रेख्त आणि अ‍ॅमस्टरडॅमहून पाच खंडांत निघाला. त्यात नकाशे आहेत, बंदरांची दृश्यं आहेत, शंखशिंपले आहेत, आणि हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांची कोरीव छापील व्यक्तिचित्रं आहेत. त्यातलं एक शिवाजी महाराजांचं.

गोष्ट खोटी ठरली म्हणून चित्र खोटं ठरतं का? नाही. उलट आता खरा प्रश्न उभा राहतो. महाराजांना कधीही न पाहिलेल्या माणसाच्या पुस्तकात, त्यांच्या निधनानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, त्यांचं चित्र आलं कुठून?

चेहरे छापायचा धंदा

त्यासाठी हॉलंडमध्ये हा धंदा कसा वाढला ते बघू.

युरोपात तांब्यावर कोरून चित्र छापायची कला पंधराव्या शतकातली. सोनार आणि शस्त्रांवर नक्षी काढणारे कारागीर यांच्याकडून ती आली. व्यक्तिचित्रांकडे ती वळली सोळाव्या शतकात. लायडन शहराच्या लुकास या चित्रकाराने १५२० मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनचं चित्र छापलं. त्याच तांब्यावर त्याने आम्लाने खाल्लेल्या रेषा आणि हाताने कोरलेल्या रेषा एकत्र वापरल्या. त्या काळात ही नवी गोष्ट होती.

पुढे १५८५ मध्ये अँटवर्प शहर स्पेनच्या हाती पडलं आणि तिथले पुष्कळ छापखानेवाले, कोरक, नकाशे करणारे उत्तरेकडे सरकले. हार्लेम, अ‍ॅमस्टरडॅम, उट्रेख्त, डेल्फ्ट इथे त्यांनी दुकानं थाटली. उत्तरेत प्रोटेस्टंट पंथाचा जोर होता, चर्चमधून मोठ्या धार्मिक चित्रांची कामं मिळणं आटलं होतं. गिऱ्हाईक बदललं. आता व्यापारी, पाद्री, डॉक्टर, प्राध्यापक, दर्यावर्दी यांना स्वतःचे आणि आपल्या पुढाऱ्यांचे चेहरे हवे होते. सगळ्यांना रंगीत चित्र परवडत नाही. छापील चेहरा परवडतो.

या मंडळींतला सगळ्यात मोठा उस्ताद म्हणजे हार्लेमचा हेंड्रिक गोल्ट्झियस, जन्म १५५८, मृत्यू १६१७. तो तान्हा असताना आगीत पडला आणि त्याचा उजवा हात भाजला. बोटं आखडली, पंजा पूर्ण उघडेना. कारेल फान मांडर या त्याच्या समकालीन चरित्रकाराने हे नोंदवलं आहे. आणि गंमत बघा, तांब्यावर कोरणाऱ्याला पंजा उघडावा लागतच नाही. मूठ घट्ट लागते आणि जोर खांद्यातून यावा लागतो. १५८८ मध्ये त्याने आपल्या हाताचं लेखणीने काढलेलं चित्र हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात आहे. त्याने केलेली सुरुवातीची काही व्यक्तिचित्रं तर तळहातात मावतील एवढी आहेत.

दुसरं उदाहरण डेल्फ्टचं. मिखिल फान मिरेवेल्ट हा तिथला मोठा व्यक्तिचित्रकार. त्याचा जावई विलेम डेल्फ हा कोरक. सासऱ्याने रंगवायचं, जावयाने कोरायचं. राजघराण्यातल्या माणसाचं चित्र एकदा रंगवून झालं की त्याच्या छापील प्रती बाजारात. उट्रेख्तच्या क्रिस्पैन दे पास याच्या घरात तर मुलगे आणि मुलगी मागदालेना असे सगळेच कोरकाम करायचे. आपल्याकडे तांबट आळीत किंवा सोनाराच्या पेढीवर जसं घरच्या घरी शिक्षण व्हायचं, तसाच हा प्रकार.

या चित्रांच्या खाली बारीक अक्षरात लॅटिन शब्द असतात. ते वाचता आले की अर्धं चित्र कळतं. ‘पिंक्सिट’ म्हणजे याने रंगवलं. ‘स्कल्प्सिट’ म्हणजे याने कोरलं. ‘एक्सकुडिट’ म्हणजे याने प्रसिद्ध केलं. तीन कामं, बहुतेक वेळा तीन वेगळी माणसं. कोरकाने मूळ माणसाला पाहिलेलं असेलच असं नाही. त्याच्या समोर असतं ते दुसऱ्याने काढलेलं चित्र. शिवाजी महाराजांच्या छापील चित्राकडे वळताना हे लक्षात ठेवा.

आणि तांब्याचा पत्रा ही मालमत्ता होती. कोरक मेला तरी पत्रा विकला जायचा, वारसाकडे जायचा, नवा मालक जुनं नाव खरवडून स्वतःचं घालायचा. पन्नास वर्षांपूर्वीचा चेहरा नव्या पुस्तकात यायचा, तो असा.

तांब्यावर चेहरा उतरतो कसा?

आता जरा हाताने समजून घेऊ. खिशात पाचशेची नोट असेल तर काढा. गांधीजींच्या चित्रावरून बोट हळूच फिरवा. कोऱ्या नोटेवर शाई किंचित वर आलेली लागते. रेषा खोल कोरलेल्या पत्र्यातून शाई कागदावर ओढून घेतल्यामुळे तसं होतं. आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात. यंत्रं बदलली, धातू बदलले, पण तंत्राचं घराणं हेच.

जुन्या पद्धतीत काम असं चाले. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा. त्यावर चित्राची बाह्यरेषा उतरवायची. मग वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवायचा. उजव्या हातात पोलादी कोरणी, तिचं टोक तिरकं घासलेलं, मागे लाकडी मूठ. वाकडी रेषा काढायची तर कोरणी वळवायची नाही, डाव्या हाताने पत्रा फिरवायचा. कोरणी पुढे सरकते तशी तांब्याची बारीक तार वर येते. ती खरवडून काढायची.

मग शाई. पत्राभर शाई चोळायची आणि वरची सगळी पुसून टाकायची. शाई राहते ती फक्त रेषांच्या चरीत. वर ओलसर कागद, त्यावर लोकरी कापड, आणि दोन जड रुळांमधून सगळं पार. कागद चरीत शिरतो आणि शाई उचलतो. कागदावर पत्र्याच्या कडांचा चौकोनी दाबही उमटतो. जुनं अस्सल मुद्राचित्र ओळखायची ती एक खूण.

यात रंग नाही, करडी छटाही नाही. शाई आहे किंवा नाही. मग गाल गोल कसा दाखवायचा? रेषा जाड-बारीक करून. कोरणी खोल दाबली की रेषा फुगते, हलकी केली की निमुळती होते. गोल्ट्झियस इथेच सगळ्यांना भारी पडला. त्याच्या रेषा गालावरून गालासारख्याच वळतात. सावली गडद करायची तर रेषांवर आडव्या रेषा, आणि त्यांच्या जाळीतल्या शंकरपाळ्यांत एकेक ठिपका.

दुसरी पद्धत म्हणजे एचिंग. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने चित्र काढायचं, मग आम्लात बुडवायचं. मेण निघालं तिथे आम्ल तांबं खातं. हात मोकळा फिरतो, लेखणीसारखा. रेम्ब्रांटने १६४७ मध्ये यान सिक्सचं खिडकीत वाचत उभं असलेलं चित्र केलं, त्यात एचिंगच्या बारीक रेषांनी काळोखाचे किती थर दाखवता येतात ते दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. छापल्यावर चित्र उलटं होतं. आरशातल्यासारखं. पत्र्यावर उजवीकडे असलेली तलवार कागदावर डावीकडे येते. कोरकाने हे आधीच धरून पत्र्यावर उलटं काढलं तर छापील चित्र सुलटं येतं. त्याने कंटाळा केला तर उजवा हात डावा होतो. म्हणून एखाद्या छापील चित्रात योद्ध्याने डाव्या हातात तलवार धरलेली दिसली, तर लगेच तो डावखुरा होता असा शोध लावू नका.

गोवळकोंड्याहून अ‍ॅमस्टरडॅमला

आता आपल्या प्रश्नाकडे. व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातली हिंदुस्थानी राज्यकर्त्यांची चित्रं भारतीय लघुचित्रांवरून कोरलेली आहेत. अशा लघुचित्रांचे संच सतराव्या शतकाच्या शेवटी हॉलंडमधल्या श्रीमंत संग्राहकांकडे पोचलेले होते. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे निकोलास विट्सेनचा. हा विट्सेन (१६४१ ते १७१७) अ‍ॅमस्टरडॅमचा अनेकदा महापौर झालेला, डच कंपनीचा संचालक, आणि जगभरच्या वस्तू गोळा करायचा नाद असलेला माणूस. त्याच्या अल्बममध्ये ४९ व्यक्तिचित्रं आहेत, साधारण १६८६ च्या सुमारास गोवळकोंड्यात काढलेली. मुघल बादशहा, इराणचे शहा, दख्खनचे सुलतान, आणि त्यांच्यात शिवाजी महाराज. आज हा अल्बम अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

गोवळकोंडाच का? एक तर डच कंपनीची मोठी वखार मच्छलीपट्टणला होती, म्हणजे कुतुबशाही राज्यात. परदेशी व्यापाऱ्यांना नेण्याजोगी वस्तू हवी असे, आणि तिथल्या चित्रकारांनी ही मागणी ओळखली होती. ‘हिंदुस्थानचे राजे’ असा पूर्ण संच तयार करायचा आणि विकायचा. दुसरं कारण आपल्यासाठी जास्त मोलाचं. १६७७ च्या सुरुवातीला, दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना, महाराज स्वतः गोवळकोंड्याच्या राजधानीत गेले होते. अबुल हसन कुतुबशहाची भेट झाली, तिथे त्यांचा मुक्काम होता. त्या शहरातल्या लोकांनी त्यांना पाहिलेलं होतं. विट्सेन अल्बमचं चित्र त्यानंतर साधारण नऊ-दहा वर्षांचं आहे. पाहिलेली माणसं अजून हयात असतील एवढंच अंतर.

आणि ही चित्रं अगदी शेवटच्या घटकेची आहेत. सप्टेंबर १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाही संपली. त्या चित्रशाळांना पोसणारा दरबारच राहिला नाही. परदेशी व्यापाऱ्यांनी आधीच नेलेली चित्रं तिकडे टिकली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही महाराजांचं चित्र असलेला त्याच काळातला दख्खनी अल्बम आहे.

या घराण्यापेक्षा वेगळं एक चित्र पॅरिसमध्ये आहे. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस. तो १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंगांच्या छावणीत होता आणि तिथे महाराजांना भेटल्याचं त्याने लिहून ठेवलंय. त्याने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून एक संच करून घेतला, १६८६ च्या आधी. त्यात महाराज घोड्यावर आहेत, आजूबाजूला मावळे चालताहेत. हे चित्र आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

वाट दोन्ही दिशांची होती

इथे कुणी म्हणेल, म्हणजे आपली चित्रं तिकडे गेली आणि त्यांनी छापली, एवढंच ना? नाही. वाट दोन्ही बाजूंनी वाहती होती.

१५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात गेले. त्यांनी बरोबर अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यातलं अनेक भाषांतलं बायबल नेलं होतं. त्यात कोरीव चित्रं होती. मुघल चित्रकारांनी अशा छापील चित्रांचा बारकाईने अभ्यास केला. अबुल हसन या चित्रकाराने १६०० मध्ये, कोवळ्या वयात, जर्मनीच्या ड्यूररच्या एका कोरीव चित्रातला संत जॉन उतरवून काढला.

आणि उलट्या दिशेने, अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसून रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मुघल लघुचित्रांवरून वीसहून जास्त रेखाटनं केली. शाहजहान, जहांगीर यांची. चांगल्या आशियाई कागदावर, बारीक रेषेत. तो कधी हॉलंडबाहेर गेला नाही. हिंदुस्थान त्याच्या टेबलावर आला होता.

तांब्यावर आपणही कोरत होतो

बरं, तांब्यावर कोरणं आपल्याला नवीन होतं का? अजिबात नाही. आपल्या शेजारच्या ठाण्यातच बघा. शिलाहार राजांची ही राजधानी, तेव्हाचं स्थानक. १७८७ मध्ये ठाण्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, इसवी सन १०१७ चा. तांब्यावर नेटकी अक्षरं कोरणारे हात इथे हजार वर्षांपूर्वी होते.

फरक कुठे होता? ताम्रपट हाच अंतिम दस्तऐवज. तो डोळ्यांनी वाचायचा, म्हणून अक्षरं सुलटी. मुद्राचित्रात पत्रा हे फक्त साधन. तो वाचायचा नाही, त्यावरून कागद काढायचा, म्हणून सगळं उलटं. कोरणी तीच, धातू तोच, पण एकाचं काम एक गोष्ट कायमची जपणं आणि दुसऱ्याचं काम एका गोष्टीच्या शेकडो करणं.

ही उडी मराठी मुलखातही घेतली गेली. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर उलटी कोरून छापायचा प्रयत्न सुरू झाला. नानांच्या निधनानंतर तो मिरजेला पुरा झाला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ती गीता छापून निघाली. पुढे १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला आणि शिळाछापावर रंगीत चित्रं मराठी घरांच्या भिंतींवर आली. म्हणजे छापील चेहरा घरात टांगायची सवय आपल्याला लागली ती एकोणिसाव्या शतकात. हॉलंडमधल्या व्यापाऱ्याला ती दोनशे वर्षं आधी लागली होती.

१९३३: पुस्तकातलं चित्र बाहेर आलं

घरोघरी चित्रं लागली, पण ती कशावरून काढलेली होती? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचं म्हणून एक चित्र सर्रास छापलं जायचं. ते खरं तर इब्राहिम खान नावाच्या एका सरदाराचं होतं. पेणमध्ये जन्मलेले इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक दाखवून दिली. आणि त्यांनी व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातलं चित्र शोधून १९३३ मध्ये महाराष्ट्रापुढे ठेवलं.

त्या क्षणाचा विचार करा. दोनशे वर्षांपूर्वीच्या आसपास हॉलंडमध्ये छापलेल्या, आपल्याकडे फारशा कुणी न उघडलेल्या डच पुस्तकातलं एक पान. छापील होतं म्हणून त्याच्या अनेक प्रती होत्या. म्हणून ते जगाच्या वेगवेगळ्या ग्रंथालयांत होतं. म्हणून ते सापडलं. एकच एक लघुचित्र कुणाच्या तरी पेटीत वाळवी लागून संपू शकतं. छापलेल्या गोष्टीला मरायला वेळ लागतो.

मग हे चित्र किती खरं?

आता मूळ प्रश्न, आणि इथे मला थोडं सावकाश जायचंय.

साखळी मोजा. महाराज. त्यांना पाहिलेला, किंवा पाहिलेल्या माणसाचं चित्र समोर असलेला दख्खनी चित्रकार. ते चित्र नेणारा व्यापारी. त्यावरून काम करणारा डच कोरक. पुस्तक. मग १९३३ नंतर त्या पानाचा फोटो, वर्तमानपत्राचा ब्लॉक, कॅलेंडर, पुतळा. दर पायरीवर काहीतरी बदलतं.

पहिली गोष्ट, रंग जातो. अंगरखा कुठल्या रंगाचा, हे छापील पान सांगू शकत नाही. दुसरी गोष्ट, उजेड बदलतो. लघुचित्रात चेहरा सपाट, स्वच्छ उजेडात असतो, अंगाची सावली जमिनीवर पडत नाही. डच कोरकाची तालीमच अशी की एका बाजूने प्रकाश, दुसऱ्या बाजूला जाळीदार सावली. तो हनुवटीखाली, नाकाच्या कडेला सावली घालतो आणि चेहरा थोडा युरोपियन होतो. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो, हाताला लागलेली सवय असते. तिसरी गोष्ट, आरशातला उलटेपणा, जो आपण पाहिलाच.

चौथी गोष्ट जास्त नाजूक आहे. गोवळकोंड्याच्या चित्रशाळेत एक नमुना ठरला की त्यावरून संचामागून संच काढले जायचे. म्हणून तीन अल्बमांत चेहरा सारखा आहे, तेव्हा तीन वेळा महाराज चित्रकारासमोर बसले, असा हिशेब करता येत नाही. तीन प्रती म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराची तीनदा घेतलेली साक्षही असू शकते.

मग हाती काय उरतं? पुष्कळ उरतं. गोवळकोंड्याचं चित्र आणि मीर मुहम्मदचं चित्र ही दोन वेगळ्या हातांची, वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी केलेली कामं आहेत. दोघांत दाढी-मिश्यांचा, शिरस्त्राणाचा एकूण थाट जुळतो. शिवाय लेखी पुरावा आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलिऑट याने, महाराजांना पाहिलेल्या लोकांकडून ऐकून, एका पत्रात त्यांचं वर्णन केलं. मध्यमाहून किंचित कमी उंची, ताठ आणि बांधेसूद शरीर, बोलताना हसल्यासारखा चेहरा, चपळ आणि भेदक डोळे, आजूबाजूच्यांपेक्षा उजळ वर्ण. हे पत्र आणि ही चित्रं एकमेकांशी भांडत नाहीत. एवढी जुळणी त्या काळातल्या फार थोड्या राज्यकर्त्यांच्या वाट्याला आली आहे.

आणि हा प्रश्न फक्त आपल्यापुढे आहे असंही नाही. तत्त्वज्ञ देकार्तचा चेहरा घ्या. फ्रान्स हाल्सने त्याचं चित्र रंगवलं, आणि योनास सौडरहूफ या हार्लेमच्या कोरकाने त्यावरून छापील चित्र केलं. पॅरिसच्या लूव्ह्रमधलं जे चित्र वर्षानुवर्षं मूळ म्हणून दाखवलं गेलं, ते आज नक्कल मानतात. हाल्सच्या हातचं म्हणून ओळखलं जातं ते कोपनहेगनमधलं छोटंसं चित्र. म्हणजे युरोपच्या एवढ्या मोठ्या माणसाचा चेहराही नकलांच्या साखळीतूनच जगापुढे गेला. फरक इतकाच की आपल्यासाठी महाराजांचा चेहरा ही नुसती माहिती नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण त्याच्यापुढे हात जोडतो. म्हणून त्याची साखळी माहीत असणं हे अनादराचं काम नाही. बेंद्र्यांनी आदरापोटीच तर ती तपासली होती. नाहीतर आपण अजून इब्राहिम खानालाच हार घालत बसलो असतो.

जुनं छापील चित्र समोर आलं तर

शेवटी एक छोटी शिदोरी. उद्या मोबाइलवर कुणी ‘अस्सल, दुर्मीळ, समकालीन चित्र’ म्हणून काही पाठवलं, तर पुढे ढकलण्याआधी पाच गोष्टी विचारा.

१. हे रंगवलेलं आहे की छापलेलं? चित्र मोठं करून बघा. गालावर रेषांची जाळी दिसली तर ते कोरीव छापील आहे.

२. खाली नावं आहेत का? रंगवणारा कोण, कोरणारा कोण, प्रसिद्ध करणारा कोण?

३. छापल्याचं साल आणि त्या व्यक्तीच्या आयुष्याची सालं यांत अंतर किती? व्हॅलेंटाइनची गोष्ट या एका प्रश्नात कोसळते.

४. तलवार, गाठ, कट्यार कुठल्या बाजूला आहे? दुसऱ्या चित्राशेजारी ठेवून उलटेपणा तपासा.

५. मूळ आज कुठे आहे? संग्रहालयाचं नाव सांगता येत नसेल तर ‘अस्सल’ हा शब्द तूर्त खिशात ठेवा.

राइक्सम्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम या दोघांच्याही संकेतस्थळांवर त्यांची चित्रं फुकट, मोठी करून पाहता येतात. मुलांना शेजारी बसवा. व्हॅलेंटाइनचं छापील चित्र आणि अल्बममधलं रंगीत चित्र एकाच पडद्यावर उघडा आणि त्यांनाच फरक शोधू द्या. कुठे सावली आली, कुठे घडी वाढली, कुठे बाजू बदलली. कोरकाच्या हातून काय निसटलं आणि काय टिकलं, हे आपल्यापेक्षा त्यांना लवकर दिसेल.

काय सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात शिळाछापाबद्दल बोलू: दगडावर चित्र काढून ते घरोघरी कसं पोचलं त्याबद्दल. तोपर्यंत, नमस्कार मंडळी.